वाडीची बाज

गेल्या पावसाळ्यापासून माझे गुडघे रात्री दुखायला लागले आहेत. दिवसा हातात काम असतं, त्यामुळे दुखणं मागे पडतं. आडवं झालं की ते गाठतं. मी हळहळत बसणारी बाई नाही. कागद घेतला आणि करायच्या गोष्टी लिहून काढल्या. संध्याकाळी अंगणात थोड्या फेऱ्या. झोपण्याआधी शेक. अंथरूण जमिनीवर नको, खाट हवी, तीही गुडघ्यापेक्षा उंच. कुशीवर झोपताना दोन्ही गुडघ्यांच्या मधे जुन्या लुगड्याची घडी. पाण्याचा तांब्या आणि काठी हाताशी. लेकीने कागद वाचला आणि विचारलं, "एवढं सगळं तुला कुणी सांगितलं गं?"

सांगितलं कुणीच नव्हतं. आमच्या घरात एका हिवाळ्यात, चुकत चुकत, माझ्या सासऱ्यांच्या गुडघ्यांसाठी हे करून पाहिलेलं होतं.

दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटच्या वर्षांतली गोष्ट. आमची वाडी भिवपुरीच्या वीजघरापासून शेतातून चालत जाण्याच्या अंतरावर होती. माझे यजमान तिथे पाळीवर कामाला जात. वीज शेजारी तयार व्हायची आणि तारांवरून लांब निघून जायची. आमच्या घरात चिमणी, आणि तिच्यातही रॉकेल जपून घालायचं. घर म्हणजे ओटी, माजघर, चूल, आणि माजघराच्या भिंतीला भिंत लावून गोठा. घरात सासू-सासरे, आम्ही दोघं, मोठा मुलगा आणि माझं तान्हं.

मामंजींचं सगळं आयुष्य भाताच्या चिखलात गेलेलं. लावणीच्या दिवसांत उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत गार पाण्यात वाकून उभं राहायचं. आधी गुडघे धरले, मग हाताच्या बोटांचे सांधे सुजले. दिवसा ते बांधावर बसून गडीमाणसांवर खणखणीत आवाजात ओरडत, त्यामुळे वाडीला वाटे म्हातारा अजून पक्का आहे. त्यांची रात्र फक्त आम्ही ओळखत होतो.

ते कण्हत नसत. सारवलेल्या जमिनीवर घोंगडी टाकून झोपत, आणि पहिली डुलकी झाली की जमिनीचा गारवा गुडघ्यात शिरे. मग या कुशीवर, त्या कुशीवर, आणि शेवटी उठून भिंतीला टेकून बसत. बसले की भिंतीपलीकडच्या बैलांशी हळू आवाजात बोलायला लागत. "काय रं, तुला पन झोप नाय? उद्या लाकडं आनाया जायचं हाय, निज आता." बैल बापडे उगाच घंटा हलवत. माणसांना जागं करायचं नाही म्हणून ते जनावरांशी बोलत, हे मला लग्न होऊन आल्यावर बऱ्याच दिवसांनी कळलं. त्याआधी मला वाटे, सासऱ्यांना बैलांचं वेड आहे.

सकाळी तर फार वाईट. आखडलेले पाय घेऊन जमिनीवरून उठणं म्हणजे आधी पालथं व्हायचं, मग हातांवर जोर द्यायचा, आणि त्या सुजलेल्या बोटांवर जोर आला की तोंड वेडंवाकडं व्हायचं. मदतीला हात पुढे केला तर ते चिडत. सासूबाई तोंड फिरवून चुलीत फुंकर घालत बसत, म्हणजे आपल्याला कुणी पाहिलं असं मामंजींना वाटू नये.

उपाय सगळ्यांचे झाले होते. निरगुडीचा पाला तव्यावर गरम करून बांधला. त्याने अर्धी झोप मिळे, पाला गार झाला की परत जाग. एरंडाच्या पानांचंही तेच. कुणीतरी बिब्बा लावा म्हणाले. तो असा उतला की पायावर टरारून फोड आले आणि मामंजी बैलांना बिब्बा सांगणाऱ्याच्या सात पिढ्या ऐकवत बसले. मी खाली जाड पेंढा पसरून दिला. पेंढा ऊबदार खरा, पण तो सरकतो. त्यातून उठताना म्हाताऱ्या माणसाचा पाय ठरत नाही. दोन दिवसांत पेंढा गोठ्यात परत गेला. बैल खूश झाले.

अशात माझं दुसरं बाळंतपण सासरीच झालं, आणि घरात वाडीची बाज आली.

तिच्याबद्दल सांगायला हवं. आमच्या वाडीत बाळंतिणीसाठी एकच बाज होती. ती कुणा एकाची नव्हती. कुणी केली, कधी केली, हे सासूबाईंनाही ठाऊक नव्हतं. ज्या घरात बाळंतपण यायचं तिथे बायका ती उचलून नेत, तिच्या खुरांना, म्हणजे पायांना, हळदकुंकू लावत, आणि पुढचं बाळंतपण येईपर्यंत ती त्याच घरात उभी करून ठेवलेली असे. बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी ठेवायची, त्यावर ओवा-शेपा टाकायचे, आणि बाळंतिणीची कंबर खालून शेकून निघायची. वाडीतलं जवळजवळ प्रत्येक माणूस आयुष्याचे पहिले दिवस त्याच बाजेवर झोपलेलं होतं. मामंजीसुद्धा.

मी त्या बाजेवर सव्वा महिना काढला आणि माझ्या डोक्यात विचार घोळू लागला. खालून मंद शेक, जमिनीचा गारवा नाही, उठताना नुसते पाय खाली सोडले की झालं. हे सगळं कुणाला हवं होतं, ते माझ्यासमोर भिंतीला टेकून बसलेलं होतं. सव्वा महिना संपला त्या दिवशी मी बाज भिंतीला उभी करून ठेवली नाही.

त्या काळी सुनेने सासऱ्यांशी समोरासमोर बोलायची रीत नव्हती. मी डोक्यावर पदर घेऊन दाराशी उभी राहायची आणि मामंजींना ऐकू जाईल अशा आवाजात सासूबाईंना सांगायची. मामंजीही मला न बघता त्यांच्याच मार्फत उत्तर द्यायचे. तिघं हाकेच्या अंतरावर.

"आत्या, मामांना म्हणावं, आजपासून बाजेवर झोपा. खाली शेगडी ठेवते."

सासूबाईंनी तोंड उघडायच्या आधीच ओटीवरून आवाज आला. "तिला इचार, मला कितवा महिना लागलाय?"

सासूबाई पदराआड हसल्या. "अवो, पोर चांगल्यासाठी सांगतेय."

"चांगल्यासाठी! उद्या वाडी डिंकाचं लाडू घेऊन येल माज्यासाठी."

"येऊं द्या की. आमी खाऊ."

"त्यांना म्हणावं," मी म्हटलं, "दार लावलं की आत कोण कशावर झोपलंय ते वाडीला दिसत नाही."

मामंजींनी बराच वेळ तंबाखू मळली. मग म्हणाले, "तिला म्हनावं, शेगडीत ओवा टाकू नको. वास बाहेर जातो."

त्या रात्री शेगडीत फक्त निखारे होते, वरून राख पसरलेली, म्हणजे ऊब बराच वेळ टिकते आणि दोरीला झळ लागत नाही. तान्ह्यासाठी उठले तेव्हा मी कान दिला. गोठ्याकडून बोलणं नव्हतं. फक्त बैलांचं रवंथ.

सकाळी मी चुलीपाशी होते. मामंजी काठी टेकत आले, दारात थांबले, आणि पहिल्यांदाच मधे सासूबाईंना न घेता म्हणाले, "पोरी, झोपलो गं."

एवढं बोलून ते बाहेर गेले. मी तशीच भाकरी थापत राहिले, पण ती भाकरी थोडी वेडीवाकडीच झाली.

मग मी पुढचं लावून घेतलं. कुशीवर झोपले की वरचा गुडघा खालच्यावर घासतो आणि त्यानेच जाग येते, हे त्यांनी बोलता बोलता सांगितलं. म्हणून मधे लुगड्याची घडी. संध्याकाळी बांधावर बसून राहिले की रात्री सांधे जास्त धरतात. म्हणून दिवे लागायच्या आधी गोठ्यापर्यंत आणि परत, अशा थोड्या फेऱ्या. रात्री शेगडी नीट विझली की नाही ते बघायचं काम माझं. मामंजींचा चेहरा महिन्याभरात सैल पडला. गडीमाणसांवर ओरडणं कमी झालं, त्यामुळे उलट वाडीतच बातमी पसरली की म्हाताऱ्याला बरं नाही.

घरात सगळं ठीक चाललंय असं मी समजून होते. पण सासूबाईंचा चेहरा उतरायला लागला. उखळापाशी कांडता कांडता मुसळ हातात धरून पेंगत. एकदा आमटीत दोनदा मीठ पडलं. दुसऱ्या दिवशी पडलंच नाही. ज्या बाईने आयुष्यात दुपारी पाठ टेकली नव्हती ती चुलीच्या कडेला बसल्याजागी झोपी जायला लागली. मी विचारलं की त्या म्हणत, "वय झालं गं."

एका रात्री तान्हं रडायला लागलं म्हणून मी उठले. शेगडीतल्या निखाऱ्यांच्या उजेडात सासूबाई बाजेशेजारी जमिनीवर बसलेल्या दिसल्या. मामंजी गाढ झोपले होते. सासूबाईंनी हलकेच हात पुढे केला, मामंजींच्या नाकासमोर धरला, श्वास लागला, हात मागे घेतला, आणि परत तशाच बसून राहिल्या.

मला काही कळेना. सकाळी आम्ही दोघी नदीवर धुणं घेऊन गेलो तेव्हा मी सरळ विचारलं.

त्यांनी आधी टाळलं. मग दगडावर धुणं आपटत म्हणाल्या, "शेजारनीला कुठनं तरी कळलं. तिच्या सुनेला चैत्रात दिवस भरतायत. ती मला इथंच भेटली, या दगडावर. म्हनाली, बाय, तुजा म्हातारा बाजंवर निजतो त्याला माजी ना नाय. पन उद्या तो तिच्यावरच गेला तर? ज्या बाजंवर मढं निजलं तिच्यावर माजी सून कशी निजंल? आनि तीच काय, वाडीतली कोन निजंल?"

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"शब्द दिला. तसं काय वाटलं तर जीव जायच्या आधी खाली घेईन म्हनलं. बाजंवर जाऊं देनार नाय." त्यांनी लुगडं पिळलं. "आता म्हातारं मानूस, झोपंत कवा जाईल ते काय सांगून जातं का? मग कोनीतरी जागं नको?"

माणूस जाताना त्याला जमिनीवर घ्यायचं, ही आमच्याकडची जुनी रीत. सासूबाईंच्या बोलण्यात वावगं काहीच नव्हतं. एका माणसाच्या झोपेसाठी वाडीतल्या सगळ्या लेकीसुनांची बाज घालवायची नाही, एवढंच त्या बघत होत्या. पण ज्याला वर्षानुवर्षं झोप नव्हती तो आता झोपत होता, आणि ज्या बाईला सुखाची झोप होती ती रात्रभर त्याचा श्वास मोजत बसत होती.

हे मामंजींना सांगू नको असं त्यांनी मला बजावलं. मी सांगितलंही नाही. पण घरात सांगायची गरज पडत नाही. एका रात्री मामंजींना मधेच जाग आली असावी आणि नाकासमोर हात दिसला असावा. दुसऱ्या दिवशी त्यांनी घोंगडी उचलली आणि परत भिंतीकडे खाली टाकली.

"का वो?" सासूबाईंनी विचारलं.

"बाज टोचते."

"इतके दिस नाय टोचली ती?"

"आता टोचते. दोरी जुनी झाली."

त्या रात्री परत भिंतीपलीकडे बोलणं सुरू झालं. "काय रं, लई दिसांनी बोलतोय नाय? तुमाला वाटलं मी इसरलो." सासूबाई आपल्या अंथरुणावर पडल्या होत्या. झोपल्या नव्हत्या. ते मला त्यांच्या श्वासावरून कळत होतं. आता दोघंही जागी.

मी माझी नेहमीची रीत केली: अडचण कशाची आहे ते वेगळं काढलं. खाट वाईट नव्हती. शेक वाईट नव्हता. शेजारीण वाईट नव्हती, सासूबाई नव्हत्या, मामंजी नव्हते. अडचण एवढीच होती की बाज वाडीची होती. जी बाज फक्त मामंजींची असेल तिच्यावर त्यांचं काहीही झालं तरी कुणाचं काही बिघडणार नव्हतं. हे इतकं सोपं होतं की मला सुचायला एवढे दिवस का लागले असं वाटलं. पण आमच्या वाडीत घरोघरी जमिनीवरच झोपत. बाज म्हणजे बाळंतिणीची, हे सगळ्यांच्या इतकं अंगवळणी पडलं होतं की पुरुषमाणसासाठी वेगळी बाज विणावी हे कुणाच्या मनातच आलं नव्हतं.

यजमानांना सुट्टीच्या दिवशी सांगितलं. लाकूड आणायला कुठे जायची गरज पडली नाही. मागच्या अंगणात जुनी बैलगाडी मोडून पडली होती, तिचे दांडे चांगले टणक होते. सुताराने खूर घडवले. खूर किती उंच, ते मी मामंजींना उभं करून त्यांच्या गुडघ्यावरून ठरवलं, म्हणजे अर्थात सासूबाईंना सांगितलं आणि त्यांनी सुतळी लावून माप घेतलं.

"बैलाचं माप घेतेस का?" मामंजी म्हणाले.

"बैलाचं सोपं असतं. तो बोलत नाय."

काथ्याची दोरी यजमानांनी कर्जतच्या बाजारातून आणली. विणायला तेच बसले. मामंजींची बोटं दोरी धरू शकत नव्हती, म्हणून ते समोर बसून नुसतं सांगत. म्हणजे ओरडत.

"अरं, ताण की! पावर हौसात जाऊन काय करतोस? घरात एक बाज इनता येत नाय."

"बाबा, तिथं बाजा नाय इनत."

"मग काय इनता?"

"वीज."

"ती तरी ताठ आसती का?"

पहिल्यांदा विणलेली बाज ढिली झाली. मामंजी तिच्यावर झोपले आणि झोळीत पडल्यासारखे मधोमध रुतले. उठता येईना. सासूबाई एका बाजूने, यजमान दुसऱ्या बाजूने, आणि मधे मामंजी शिव्या देत. अंगणातली सगळी मंडळी हसून हसून बेजार झाली, आणि थोड्या वेळाने मामंजीही. सगळी दोरी उकलून परत विणली, या वेळी पायाकडच्या दोऱ्या दोघांनी मिळून ओढून घट्ट बांधल्या. आता बसलं तरी दोरी थोडीच दबत होती, आणि पाय जमिनीवर नीट टेकत होते. मामंजी एकदा बसले, एकदा उठले. परत बसले, परत उठले. कुणी हात द्यायच्या आत उठले. मग तंबाखूची चंची काढली.

त्याच संध्याकाळी शेजारणीला निरोप पाठवला की तुमची बाज घेऊन जा. ती आणखी दोघींना घेऊन आली. बाज उचलायच्या आधी तिने खुरांना हळदकुंकू लावलं आणि सासूबाईंनाही लावलं. दारातून जाताना तिची नजर नव्या बाजेवर गेली. ती थांबली, हात लावून बघितला, दोरी दाबून बघितली.

"किती उंच गं हाय. शेगडी चांगली आत जाईल." मग सासूबाईंकडे बघून म्हणाली, "सुनंला दिवस भरलं की ही मागाया येऊ का?"

"म्हाताऱ्याला इचार."

मामंजी ओटीवरून म्हणाले, "तुजी ती ने, तुजी ती. हिला हात लावायचा नाय. ही माजी हाय."

बायका हसत हसत जुनी बाज घेऊन गेल्या.

रात्री मी नव्या बाजेखाली शेगडी ठेवली, राख पसरली, लुगड्याची घडी दिली. मामंजी आडवे झाले. सासूबाई शेजारी उभ्या होत्या. मला वाटलं, सवयीने त्या खाली बसतील. त्यांनी आपलं अंथरूण उचललं आणि बाजेपासून लांब, माझ्याकडच्या भिंतीशी टाकलं.

"अवो, ऐका," त्या म्हणाल्या. "ही तुमची हाय. हिच्यावर खुशाल मरा नायतर जगा. गेलात तर बाज नदीला सोडू. मी झोपते."

"झोप की. तुला कोन धरून ठेवलंय?"

"आनि त्या बैलांना तरास देऊ नका."

"गप गं."

तान्हं रात्री नेहमीप्रमाणे उठलं. त्याला पाजता पाजता मी अंधारात कान देऊन बसले. गोठ्यातली घंटा एकदा वाजली. बैल जागे होते. त्यांच्याशी बोलायला मात्र कुणी जागं नव्हतं.

सकाळी मी चहाचं आधण ठेवत होते तेव्हा ओटीवर दोघांचं भांडण लागलेलं ऐकू आलं.

"केवढी घोरतेस गं! सारी रात डोक्यात लाकूड कापत होतीस."

"तुमाला कसं कळलं? तुमी तर झोपला होता."

मामंजी उठले. त्यांनी काठी घेतली आणि बैलांना पाणी दाखवायला निघाले, आणि मी बघितलं, काठी त्यांनी हातात धरली होती, टेकली नव्हती.